मेल्यावर काय उरतं? रोगलाइक आणि रोगलाइट यांच्यातल्या रेषेची पार्श्वभूमी

२०२० मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन गेम आले. ऑगस्टमध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या सुपरजायंटचा 'हेडीज'. दोन्हींत कॅमेरा वरून तिरका, दोन्हींत पुराणकथा, दोन्हींत देवांची मदत घेऊन चपळाईने लढायचं. त्यामुळे इथे कुणाला 'राजी'बद्दल सांगायला गेलं की "म्हणजे हेडीजसारखा का?" हा प्रश्न ठरलेला असतो. चेहरेपट्टी सारखी असली तरी दोघांचं घराणं वेगळं आहे. राजी मेली की मागच्या चेकपॉइंटवरून, म्हणजे गेमने नोंदवून ठेवलेल्या टप्प्यावरून, खेळ पुन्हा सुरू होतो, तीच जागा आणि तेच राक्षस. 'हेडीज'चा नायक झॅग्रियस मेला की पाताळात, वडिलांच्या घरी परततो आणि पुढच्या खेपेला खोल्यांचा क्रमच बदललेला असतो.

अशा गेमला कुणी रोगलाइक, म्हणजे 'रोग' नावाच्या जुन्या गेमसारखा, म्हणतं, तर कुणी रोगलाइट, म्हणजे त्याचाच सौम्य प्रकार. हा वाद समजून घ्यायचा तर १९८० च्या सुमारास जावं लागतं. 'रोग' हा शब्द देवनागरीत आजारासारखा दिसतो, पण इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, भामटा. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी या नावाचा गेम लिहिला. त्या काळचे साहसी गेम एकदा सुटले की संपले, आणि लिहिणाऱ्याला तर ते खेळण्यात काही मजाच नसे, कारण सगळी उत्तरं त्याला आधीच ठाऊक. या दोघांना स्वतःलाही चकवेल असा गेम हवा होता, म्हणून त्यांनी भुयार दर वेळी नव्याने रचणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे बर्कलीचा केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. त्याच्या 'कर्सेस' या तयार प्रोग्रॅम-संचामुळे टर्मिनलच्या पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवता येई. 'ॲट'चं चिन्ह (@) म्हणजे खेळाडू, आणि ए ते झेड ही सव्वीस अक्षरं म्हणजे सव्वीस तऱ्हेचे राक्षस. पुढे बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीसोबत हा गेम विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला.

मेलं की सगळं संपतं, हा नियम मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गेम लांबत गेला तशी मध्येच थांबून 'सेव्ह' करायची सोय द्यावी लागली. मग लोक अडचणीच्या जागी सेव्ह करून ठेवू लागले आणि मेले की तीच फाइल परत उघडू लागले. त्यावर उपाय म्हणून फाइल उघडताक्षणी पुसली जाईल अशी व्यवस्था केली गेली. निर्णयाला वजन यावं, एवढाच त्यामागचा हेतू.

'हॅक', 'मोरिया', १९८७ चा 'नेटहॅक', मग 'अँगबँड' अशी पिलावळ वाढत गेली. 'रोगलाइक' हे सामाईक नाव मात्र १९९३ च्या सुमारास युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर रुळलं. नाव आधी आलं, व्याख्या त्यानंतर पंधरा वर्षांनी. २००८ मध्ये बर्लिनला भरलेल्या रोगलाइक बनवणाऱ्यांच्या परिषदेत लक्षणांची यादी झाली. दर वेळी नवी रचना, कायमचा मृत्यू, पाळीपाळीने चाल, चौकटींचा पट, साधनसामग्री जपून वापरणं ही वजनदार लक्षणं. अक्षरांचं चित्रण, भुयारं वगैरे दुय्यम.

पुणेकराला इथे १९१४ आठवावं. डेक्कन जिमखान्याच्या समितीने त्या वर्षी खो-खोचे नियम बांधले. त्यामुळे एकाच मापाने सामने खेळवणं शक्य झालं. बर्लिनच्या यादीकडेही पुष्कळ जण तसंच नियमपुस्तक म्हणून बघतात, आणि ते मला पटत नाही. एखाद-दुसरं लक्षण नसलं म्हणून गेम बाद होत नाही आणि बनवणाऱ्यांना बांधून घालणं हा हेतू नाही, असं त्या मसुद्यातच लिहिलेलं आहे.

त्याच २००८ मध्ये डेरेक यू यांचा 'स्पेलंकी' आला. उड्या मारत, धावत खेळायचा. चौकटी नाहीत, पाळी नाही. मृत्यू मात्र अस्सल जुना. २०११ चा 'बाइंडिंग ऑफ आयझॅक' आणि २०१२ चा 'एफटीएल' त्याच वाटेने गेले. मग २०१३ मध्ये 'रोग लेगसी'ने वेगळंच केलं. त्यात नायक मेला की त्याचा वारस पुढे येतो आणि बापाने कमावलेल्या सोन्यातून घराण्याचं बळ वाढवतो. बनवणाऱ्यांनीच त्याला 'रोगलाइट' म्हटलं आणि नाव टिकलं.

म्हणून मी पाळी आणि चौकटींपेक्षा मेल्यावर हातात काय उरतं ते आधी बघतो. 'स्पेलंकी'त मुख्यतः अनुभव उरतो. 'हेडीज'मध्ये गोळा केलेला 'अंधार' (हे त्या गेममधलं एक चलन) घरच्या जादुई आरशापुढे खर्चून झॅग्रियस कायमचा बळकट होतो. विसाव्या खेपेला खेळणारा तरबेज झालेला असतोच, पण नायकही पहिल्या खेपेचा राहिलेला नसतो. तो रोगलाइट. 'स्ले द स्पायर' या पत्त्यांच्या गेमपाशी मात्र माझं मापही डळमळतं. तिथे हरल्यावरही नवे पत्ते खुले होतात, पण ते फक्त पुढच्या डावात समोर येऊ शकतात. सुरुवातीची गड्डी जवळपास तशीच दुबळी राहते. मी त्याला रोगलाइककडे ढकलतो. नवे पत्ते म्हणजेही कमाईच, असं म्हणणाऱ्याला खोडून काढता येईल असा मुद्दा मला अजून सापडलेला नाही.