दृष्टीचा निर्णायक काळ

डोळ्यांना काय दिसते यावरून मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील जोडण्या पक्क्या होण्याचा, जन्मानंतरचा मर्यादित काळ. मांजराच्या पिल्लात तो साधारण चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि तीन महिन्यांच्या सुमारास ओसरतो. माकडात आणि माणसात तो बराच लांबतो.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी हार्वर्डमध्ये मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पापण्या शिवून बंद ठेवला. त्याचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण दृष्टिकेंद्रातील जवळजवळ कोणतीच पेशी त्याला दाद देईना. ऐन नाजूक आठवड्यांत तीन-चार दिवसांची झाकणही पुरे होई. प्रौढ मांजराचा डोळा कित्येक महिने बंद ठेवला तरी असा परिणाम होत नसे.

दोन्ही डोळे बंद ठेवल्यावर काय झाले, हे त्याहून महत्त्वाचे आहे. नुसता वापर नसणे हेच कारण असते, तर दोन्ही डोळ्यांच्या जोडण्या तशाच नाहीशा व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बऱ्याच पेशी प्रतिसाद देत राहिल्या, जरी त्या पिल्लांना नीट दिसत नव्हते. म्हणजे दोन डोळे मेंदूतल्या जागेसाठी झगडतात आणि उघडा डोळा झाकलेल्याची जागा बळकावतो. मूळ आराखडा जन्मजात असतो. काहीही न पाहिलेल्या पिल्लातही ठरावीक दिशेच्या रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडतात. या कामासाठी दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मेंदूवर वेगळे संशोधन करणाऱ्या रॉजर स्पेरी यांच्यासोबत विभागून मिळाले.

नुसते डोळ्यांवर चित्र पडणेही पुरत नाही. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांच्या १९६३ च्या प्रयोगात अंधारात वाढलेली दोन पिल्ले एकाच फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना होती. एक स्वतः चाले. दुसरे टोपलीत बसून त्याच्यामुळे फिरे. दोघांना सारखेच दिसत होते. तरी हातात धरून पृष्ठभागाजवळ नेल्यावर चालणारे पिल्लू पंजे पुढे करी, टोपलीतले करत नसे.

हा काळ केवळ वयावर ठरत नाही. पिल्ले अंधारात वाढवली तर तो लांबतो, आणि त्याची सुरुवात पेशींना आवर घालणाऱ्या गाबा या रसायनाच्या जाळ्यावर अवलंबून असते.

माणसातही हेच तत्त्व लागू पडते. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत काढण्याची घाई त्यामुळेच असते, आणि मंद डोळ्याला वाव मिळावा म्हणून मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात.