आऊट की प्ले? जुन्या ड्रिल मशीनचा रोग ओळखताना

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगच्या शेडमध्ये किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एखादं जुनं पिलर ड्रिल मशीन सापडतं. बिडाचं जाडजूड अंग, कॉलमवर तांबूस गंज, स्लीव्हभोवती (फिरणाऱ्या दांड्याला वर-खाली नेणारी नळी) ग्रीसमध्ये रुई बसून झालेली काळी वात. गंज डिझेल आणि स्कॉच-ब्राइटने निघतो, पट्टा आणि स्विच बदलता येतात. चूक होते ती त्यानंतर. ड्रिलचं टोक हललं की कुणी म्हणतो बेअरिंग गेलं, कुणी म्हणतो चक (ड्रिल पकडणारा जबडा) आऊट आहे, आणि त्या अंदाजावरच खरेदी होते.

फिरताना टोक बारीक वर्तुळ काढतं, दर फेऱ्याला तेवढंच, तो आऊट. मशीन बंद असताना स्पिंडल (चकला फिरवणारा दांडा) हाताने ढकललं की सरकतं, तो प्ले. आऊट असेल तर पंचमार्कवर टेकताना टोक घोटाळतं आणि भोक मापापेक्षा मोठं पडतं. प्लेमुळे टोक एका बाजूला पळतं, भोकाचं तोंड पसरतं. वर-खाली प्ले जास्त धोक्याचा: पत्रा फुटायच्या क्षणी ड्रिल झपकन खाली उतरतं, पत्रा पकडून गरकन फिरवतं. असं मशीन दुरुस्त होईपर्यंत पत्रा हातात धरूच नका, वाईसमध्ये किंवा क्लॅम्पने बांधा.

तपासणीला ०.०१ मिमीचा डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप), मॅग्नेटिक स्टँड आणि १० मिमीची ग्राइंड केलेली डॉवेल पिन पुरते. ड्रिल लावून मोजू नका, ते स्वतःच वाकडं असू शकतं. प्लग काढा, पट्टा उतरवा, टेबल घट्ट करा. पिन चकमध्ये धरा, गेजचं टोक पिनला टेकवा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. रीडिंग घेताना स्पिंडल एकाच बाजूला हलकं दाबून ठेवा, नाहीतर प्ले आऊटच्या आकड्यात मिसळतो. रोजच्या कामाला ०.०५ मिमीपर्यंत उत्तम, ०.१० चालून जातं.

आकडा मोठा आला तर लगेच नवा चक आणू नका. ड्रिफ्टने (पाचरीसारखी पट्टी) आर्बर, म्हणजे चकला स्पिंडलशी जोडणारा दांडा, काढा आणि गेजचं टोक स्पिंडलच्या टेपरच्या (निमुळत्या भोकाच्या) आत लावा. आत ०.०२ आणि पिनवर ०.२० दिसलं, तर स्पिंडल चांगलं आहे, दोष आर्बरचा किंवा चकचा. आर्बर अर्धा फेरा फिरवून परत बसवा. उंच जागा आर्बरबरोबर सरकली तर दोष स्पिंडलच्या खाली आहे. बहुतेक वेळा टेपरमध्ये गंजाचा कण किंवा ठोक्याने उठलेली धार निघते. एमटी-२ किंवा एमटी-३ (मोर्स टेपरची मापं) टेपर घर्षणावरच धरतो, त्यामुळे तो कोरडा आणि स्वच्छ हवा; तेल लावून बसवलेला आर्बर सुटतो. धार घालवायला हाताने टेपर रीमरचा एखाद-दुसरा हलका फेरा पुरे.

प्लेसाठी गेज स्पिंडलच्या नाकावर (खालच्या टोकावर) लावा आणि आडवं ढकला. आधी स्लीव्ह वर असताना, मग ७०-८० मिमी खाली उतरवून. आता स्लीव्हचा लॉक आवळून पुन्हा बघा. प्ले गेला तर बेअरिंग निर्दोष आहे, स्लीव्ह आणि हेडमधली जागा झिजलेली आहे. काही मशीनच्या हेडला चीर आणि आवळायचा बोल्ट असतो. पाव-पाव फेरा आवळा, जोर केलात तर बीड तडकतं. लॉक करूनही हललं तर बेअरिंग. वर-खाली प्ले गेज नाकाखाली उभा लावून वेगळा बघा. तो कधी स्पिंडलच्या वरच्या नटाच्या ढिलाईतूनही येतो.

बेअरिंग घेताना नंबर जुन्यावरून वाचा, पण मागचा शेपटाही (नंबरनंतरची अक्षरं) वाचा. मोटर रिवायंडिंगसाठी सी-३ क्लिअरन्सचा (आत जास्त मोकळी जागा असलेला) माल दुकानात सहज मिळतो. ६२०३ नंबरच्या बेअरिंगला साध्या क्लिअरन्समध्ये ३ ते १८ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जागा असते, सी-३ मध्ये ११ ते २५. म्हणजे नवं बेअरिंग टाकूनही थोडा प्ले विकत आणल्यासारखं होतं. स्पिंडलला साधंच घ्या. शाफ्टवर बसवताना ठोका आतल्या रिंगवरच हवा; बाहेरच्या रिंगवर मारलात तर गोळ्या ट्रॅकमध्ये खळगे पाडतात आणि पहिल्या दिवसापासून घरघर सुरू होते.