थेंबभर रक्तानं मुशी येते का?

"रक्ताचा एक थेंब पाण्यात पडला की शार्क मैलभरावरून धावत येतो" हा मेसेज जुनाच आहे, आणि तो वाचून वाशीच्या खाडीपुलाजवळ गळ टाकणारे एक काका पिशवीतून कोंबडीचं रक्त घेऊन आलेले मी पाहिलेत. शार्कचं, म्हणजे आपल्या मुशीचं, नाक तिखट असतं हे खरंच, पण वास पाण्यासोबतच जातो ना, पाणी जिकडे वाहील तिकडेच. घरी बघा, बादलीतल्या शांत पाण्यात शाईचा थेंब सोडा, किती वेळ तिथेच घुटमळतो, मग मैलभर जाईपर्यंत त्याचं काय उरणार! शिवाय माशाला मासाच ओळखीचा, म्हणून तेलकट बांगडा किंवा तारली कापून लावा, भरती-ओहोटीचं पाणी वाहतं असताना, तेल सुटत राहतं आणि वासाची रेघ तयार होते. आणि हो, गळाजवळ तारेचा तुकडा हवाच, नायलॉन तिच्या दातांनी तुटतं, वर कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत, तीही दोर घासते. बऱ्याच जाती कायद्यानं संरक्षित आहेत, देवमुशी म्हणजे व्हेल शार्क तर 2001 पासून, त्यामुळे ओळखू आली नाही तर सरळ सोडून द्या.