फळ्यावर शून्य, आवारात शंभर बंड्या

दिवाळीनंतर हिंगणघाट किंवा वणीच्या बाजूला एखाद्या जिनिंगच्या फाटकाशी उभे राहिले, तर कापसाने भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग काट्यापासून थेट रस्त्यापर्यंत लागलेली दिसते. अशा एका आवाराला दोन फाटके आहेत, दोन्हींवर एकेक मुनीम बसला आहे आणि आत किती बंड्या आहेत हा आकडा मधल्या एकाच फळ्यावर खडूने लिहिला जातो, असे समजू या. बंडी आत आली की मुनीमाने फळा वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि नवा आकडा लिहायचा. दोघांनीही एकाच क्षणी ४१ वाचला, तर दोघेही ४२ लिहितील. बंड्या आत आल्या दोन, फळ्यावर चढली एक.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ही अडचण क्षणोक्षणी येते. (मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ बीच्या आतला गर असा आहे, सरकी फोडून पाहिलेल्या वाचकाला तो लष्करातल्या कर्नलपेक्षा लवकर पटेल.) आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक गाभे (कोअर), म्हणजे हिशोब करणारे स्वतंत्र भाग, एकाच वेळी काम करतात आणि मेमरीतल्या एकाच आकड्यावर अनेकांचा हात पडतो. म्हणून वाचणे, मिळवणे आणि लिहिणे या तिन्ही कृती एकसंध करणारी सूचना प्रोसेसर देतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी सूचनेच्या आधी ‘लॉक’ हा उपसर्ग जोडतात. अशा क्रियेला अ‍ॅटॉमिक म्हणतात. एकाचे लिहून होईपर्यंत दुसऱ्याला फळ्याला हात लावता येत नाही आणि एकही बंडी मोजणीतून सुटत नाही.

मात्र अ‍ॅटॉमिक क्रियेची हमी इथेच संपते. आकडा फळ्यावर मावेल की नाही, याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. फळ्यावर दोनच घरे असतील, तर ९९ नंतर बिनचूकपणे ०० लिहिले जाईल.

असे पुन्हा शून्यावर येणे दरवेळी वाईटच असते असे नाही. विहिरीवरच्या मोटरपंपाचे जुने, चाकांचे, पाच आकडी मीटर ९९९९९ नंतर ००००० वर येई, तरीही मागील वाचन ९९९८० आणि आताचे ०००३५ असेल तर वापर ५५ युनिटांचाच झाला, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नसे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये २००८ पासून काही वर्षे वापरात असलेले, एकाच गोष्टीसाठी थांबलेल्यांची रांग लावणारे ‘तिकीट लॉक’ याच हिशोबावर चालत. रांगेतल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे, आठ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा आठ अंकांच्या, घरात २५५ नंतर पुन्हा शून्य येई, आणि रांगेत एका वेळी त्याहून कमी उमेदवार आहेत तोवर काहीही बिघडत नसे. घड्याळाचे ठोके मोजणारा ‘जिफीज’ हा आकडा तर लिनक्समध्ये मुद्दामच अशा जागेवरून सुरू केला जातो की संगणक चालू झाल्यावर पाचच मिनिटांत त्याची ३२ बिटांची मोजणी उलटावी. ज्या प्रोग्रामला ते उलटणे झेपत नाही, त्याचा दोष त्यामुळे वर्षभराने नव्हे, तर चाचणीतच उघडा पडतो. मला ही युक्ती फार आवडते.

कर्नल ज्या सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला जातो, तिच्यात एक निराळा पेच आहे. चिन्हांकित, म्हणजे ऋण-धन, पूर्णांक आपल्या मर्यादेपलीकडे गेला तर काय व्हावे, हे त्या भाषेचे प्रमाणक ठरवतच नाही. त्यामुळे असे कधी घडणारच नाही असे गृहीत धरून कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, प्रोग्रामरने लिहिलेली तपासणीच गाळून टाकू शकतो. अ‍ॅटॉमिक क्रियांना मात्र २०११ च्या प्रमाणकाने या नियमातून वगळले आहे; त्या गुपचूप उलटतात, आणि लिनक्स कर्नलनेही हेच वर्तन पक्के धरले आहे. तिथला नेहमीचा अ‍ॅटॉमिक आकडा ३२ बिटांचा असतो. तो २,१४,७४,८३,६४७ नंतर −२,१४,७४,८३,६४८ होतो आणि तिथून चढत चढत पुन्हा शून्याकडे येतो.

खरा धोका फळ्यावरचे शून्य हा हुकूम मानला जातो तिथे आहे. आवार रिकामे झाले की जागा दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यायची, असे चौकीदाराला सांगून ठेवले आहे. आत शंभर बंड्या उभ्या, फळ्यावर मात्र ००. चौकीदार प्रामाणिकपणे जागा देऊन टाकतो. कर्नल मेमरीतल्या वस्तूंची देखभाल अशीच करतो. एखादी वस्तू किती जण वापरत आहेत हे मोजायचे, आणि मोजणी शून्य झाली की ती मेमरी मोकळी करून दुसऱ्याला द्यायची. मोजणी उलटून शून्य झाली, तर वापरात असलेली मेमरी परक्याच्या हाती जाते आणि हल्लेखोर तिथे आपल्या सोयीचे काहीही लिहून ठेवू शकतो.

जानेवारी २०१६ मध्ये नेमके असेच छिद्र उघडकीस आले. लिनक्समध्ये पासवर्ड आणि किल्ल्या जपणाऱ्या ‘कीरिंग’ या भागात, एखाद्या प्रक्रियेने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, आपली जुनीच कीरिंग पुन्हा मागितली की मोजणी एकाने वाढे आणि घटवायची राहून जाई, म्हणजे आत आलेल्या बंडीची नोंद होई, बाहेर गेलेलीची होत नसे. हीच मागणी ४,२९,४९,६७,२९६ वेळा केली की आकडा फिरून शून्यावर येई. संख्या अवाढव्य वाटते, पण शोधकांना एका साध्या इंटेल प्रोसेसरवर त्यासाठी सुमारे अर्धा तास पुरला.

२०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ या आवृत्तीत अशा मोजणीसाठी ‘रेफकाउंट’ हा स्वतंत्र प्रकार आला. तो उलटत नाही, थिजतो. मर्यादा ओलांडली की आकडा एका ठरावीक जागी अडकवून ठेवायचा, इशारा नोंदवायचा आणि ती मेमरी पुन्हा कधीच मोकळी करायची नाही. म्हणजे फळा भरला तर चौकीदाराने जागा कोणालाच द्यायची नाही, भाडे बुडाले तरी चालेल. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत थोडी मेमरी वाया जाते. माझ्या मते हा सौदा स्वस्तातला आहे.

थिजवणे मात्र बोलण्याइतके सोपे नाही. आधी तपासायचे आणि मग मिळवायचे म्हटले, तर दोन मुनीमांचा जुनाच घोळ परत येतो. त्यावर उपाय आहे, पण तो गर्दीत मंदावतो. म्हणून पुढे अशी रीत पडली की मिळवणे आधी करायचे, जुना आकडा नंतर पाहायचा, आणि तो मर्यादेबाहेर निघाला तर अडकवायचा. या दोन पायऱ्यांच्या फटीत इतर गाभे आकडा हलवू शकतात, म्हणून अडकवण्याची जागा ऋण पट्ट्याच्या बरोबर मध्यावर, −१,०७,३७,४१,८२४ वर, ठेवलेली आहे. तिथून शून्य तितकेच दूर आहे आणि धन बाजूची कडाही तितकीच दूर. लिनक्समध्ये एका वेळी जास्तीत जास्त ४१,९४,३०४ प्रक्रिया असू शकतात. तेव्हा त्या पट्ट्यातून आकडा बाहेर ढकलायचा, तर त्या सगळ्यांनी मिळून, फळा दुरुस्त होण्याआधी, प्रत्येकी २५६ बंड्या फाटकात अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर उभ्या करायला हव्यात.