बँकिंग हॉल

बँकेच्या इमारतीत ग्राहक आणि कर्मचारी काउंटरच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात ते मुख्य दालन म्हणजे बँकिंग हॉल. ठाण्यात नौपाड्यात किंवा गोखले रस्त्यावर बँक म्हटली की बहुधा रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावरची बेताची जागा डोळ्यांसमोर येते. सकाळची लोकल पकडून फोर्टात बँकेच्या नोकरीला जाणाऱ्या ठाणेकरांच्या तोंडी मात्र ‘आमचा हॉल’ असे त्यांचे तिथले दालन: दोन मजले उंच छत, जाड खांब, सागवानी काउंटर, त्यावर पितळी जाळी.

त्याआधी आपल्याकडे पेढी होती. गादी, लोड, तिजोरी आणि समोर बसलेले शेटजी. त्यांच्या शब्दावर व्यवहार चाले. भागधारकांच्या बँकेत मालक दिसतच नाही, त्यामुळे भरवसा देण्याचे काम इमारतीवर आले. दगडी दर्शनी भाग, उंच जोते आणि भव्य प्रवेशद्वार यांचे मूळ बरेचसे त्यात आहे.

बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकी यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच दशकात एल्फिन्स्टन सर्कलच्या (आजचे हॉर्निमन सर्कल) कमानदार इमारती उभ्या राहिल्या. बँकेने शेअरच्या तारणावर भरमसाट कर्जे दिली. युद्ध थांबले, कापूस गडगडला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर कवडीमोल झाले आणि १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. त्याच वर्षी तिच्या जागी नवी बँक निघाली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि १ जुलै १९५५ रोजी इंपीरियलची स्टेट बँक झाली. दगड कितीही भक्कम असला तरी कर्ज देणाऱ्याचा विवेक त्याच्या जागी ठेवता येत नाही, हे मुंबईला तेव्हाच कळले होते.

हॉलच्या रचनेमागे सुरक्षा आहे. लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचे काम वास्तुकार जॉन सोन यांनी १७८८ पासून पाहिले. रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या ठेवायच्या नाहीत, म्हणून त्यांनी उजेड वरून घेतला. मुंबईत ऊन आणि पाऊस दोन्ही सांभाळायचे असल्याने बाहेर कमानींची सावली आणि आत उंचावरच्या खिडक्या अशी बांधणी सोयीची ठरली.

हॉल एवढा मोठा लागे, याचे दुसरे कारण थांबणे. पैसे काढायला आलेला माणूस स्लिप किंवा चेक देई आणि नंबर कोरलेला पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसे. आत लेजर उघडून शिल्लक पाहायची, नमुना सहीशी सही ताडायची, अधिकाऱ्याने पास करायचे, मग कॅशिअर नंबर पुकारणार. मुठीतला बिल्ला तोवर घामाने ओला होई. नव्वदच्या दशकात संगणक आले, बिल्ले गेले, बाक कमी झाले आणि हॉलही आक्रसला.

ठाणे जिल्ह्यातल्या सहकारी बँकांना असा हॉल कधी लागलाच नाही. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना देशात रीतसर पाया मिळाला. पुढे डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये आणि ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये निघाली. अशा बँकांत काउंटरपलीकडचा माणूस ओळखीचा असे. माझ्या मते ही पेढीचीच रीत होती, फक्त मालकी सभासदांची. व्यापारी बँकांतल्या ठेवींना विम्याचे कायदेशीर छत्र १९६२ पासून आहे, सहकारी बँकांना ते त्यानंतर मिळाले. आज ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपये आहे.

जुन्या हॉलमधली एक गोष्ट मात्र ठाण्याच्या छोट्या शाखेतही तशीच राहिली आहे. स्ट्राँगरूमच्या चाव्या दोन असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने दार उघडत नाही. लॉकरचेही तेच: आधी बँकेची चावी फिरते, मग आपली. सणासुदीच्या आदल्या दिवशी दागिने काढायला आलेल्या आजी अजूनही त्या दोन खटक्यांचा आवाज कान देऊन ऐकतात.