ओझं ओढल्यावर डिझेल गाडी खरंच ‘मोकळी’ होते का?

अमेरिकेत डिझेल पिकअप बाळगणाऱ्या अनेकांचा एक समज पक्का आहे. जड ट्रेलर ओढून आणला, की पुढे काही दिवस गाडी जास्त चपळ पळते म्हणे. आपल्याकडेही ‘घाटात एकदा भरून नेली की गाडी मोकळी होते’ असं म्हणणारे ड्रायव्हर भेटतात. ओझ्याने इंजिन दमायला हवं, ते तरतरीत कसं होईल? माझ्या मते यातला बराच भाग मनाचा खेळ आहे, पण उरलेला भाग अस्सल रसायनशास्त्राचा आहे.

मनाचा खेळ आधी निकालात काढू. राम २५०० सारखी पिकअप रिकामी असताना साधारण साडेतीन टनांची भरते. तिला पाच टनांचा ट्रेलर जोडला, की इंजिनाला साडेआठ टन हलवायचे असतात. दिवसभरात ड्रायव्हरचा पाय त्या हिशेबाला सरावतो. ट्रेलर सोडल्यावर तेवढ्याच जोरात गाडी जवळपास अडीच पट झपाट्याने वेग घेते. ती उडतेय असं वाटणारच! शिवाय आजकालच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लच किती दाबाने आणि किती लवकर धरायचा हे सतत जुळवून घेत असतो. त्यामुळे ओढकामानंतर गिअर काही काळ वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात.

आता खऱ्या कारणाकडे येऊ. कोलोरॅडोत डिलनहून आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा आय-७० महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीपर्यंत चढतो. अशा सहा टक्के चढावर साडेआठ टन वजन ताशी ८० किलोमीटरने न्यायचं, तर ढोबळ हिशेबाने २०० अश्वशक्ती लागतात. तीच गाडी सपाट रस्त्यावर रिकामी, त्याच वेगाने चालवायला २५ पुरतात. राममध्ये २००७ साली आलेलं ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन ३५० अश्वशक्तीचं होतं. म्हणजे रोजच्या ये-जा करण्यात त्याच्या ताकदीचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही.

डिझेल इंजिनाची अडचण इथेच सुरू होते. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची तर हवा आणि इंधन दोन्ही आवळतात. डिझेलमध्ये मुख्यतः इंधनच कमी केलं जातं, हवा भरपूर येत राहते. त्यामुळे हलक्या कामात थोडंसं डिझेल खूपशा हवेत जळतं आणि धूर थंडच बाहेर पडतो. नुसतं उभ्याने चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर शंभर-दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो; भर चढावर तोच टर्बोपाशी, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यापाशी, सहाशेच्या घरात जातो. ओली लाकडं घातलेली चूल जशी नुसती धुमसत राहते, तशी शहरातली डिझेल गाडी धुमसते आणि काजळी साठवते.

ही काजळी अडवायला सायलेन्सरच्या आधी डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. अमेरिकेत २००७ च्या नियमांपासून तो मोठ्या पिकअपमध्ये सर्रास आला, भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांबरोबर. आत सिरॅमिकचा ठोकळा, त्यात आरपार जाणाऱ्या हजारो बारीक चौकोनी नळ्या. एका नळीचं पुढचं तोंड बंद, तर तिच्या शेजारणीचं मागचं. धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे चिकटते. थर वाढला की धूर ढकलायला पिस्टनला जादा कष्ट पडतात, टर्बो फिरवायला मिळणारा दाबाचा फरक घटतो, ॲव्हरेज पडतं.

काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन, पण नुसत्या ऑक्सिजनवर ती झपाट्याने जळायला साधारण साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. फिल्टरपर्यंत एवढी उष्णता पोचणं कठीण. इथे मदतीला येतो नायट्रोजन डायऑक्साइड, एरवी ज्याला आपण प्रदूषक म्हणून शिव्या देतो तोच. फिल्टरच्या आधीचा प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरक तो तयार करतो आणि हा वायू अडीचशे-तीनशे अंशांपासूनच काजळी खाऊ लागतो. लांब चढावर भरलेली गाडी ओढत असताना उष्णता आणि हा वायू, दोन्ही मुबलक असतात. तास-दोन तासांत फिल्टर बराच रिकामा होतो. गाडी मोकळी होते ती अशी.

टर्बोचंही थोडं असंच. बदलत्या भूमितीच्या टर्बोत धुराची वाट कमी-जास्त करणारा हलता भाग असतो. शहरात तो थोडक्या अंतरातच हलतो, आजूबाजूला काजळी बसते आणि तो अडखळू लागतो. चढावर आणि उतारावर धूर अडवून वेग रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकमध्ये त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागतं.

डिझेल जनरेटरवाल्यांना हे जुनंच माहीत आहे. आणीबाणीच्या जनरेटरसाठीचं अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे मानक सांगतं, की महिन्यातून किमान एकदा तो अर्धा तास चालवा. आणि तेव्हा एकतर त्याच्या क्षमतेच्या किमान ३० टक्के लोड द्या, नाहीतर धूर उत्पादकाने ठरवलेल्या तापमानाला पोचू द्या.

पण ओझं म्हणजे रामबाण उपाय नव्हे. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त वगैरे धातूंची राख फिल्टरमध्ये साठते. ती कितीही तापवली तरी जळत नाही, फिल्टर काढूनच साफ करावा लागतो. ज्याची गाडी रोज हायवेवरच पळते, त्याला ओढकामानंतर फरक जाणवण्याचं कारण नाही. आणि प्रत्येक खेपेत गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक आणि टायर झिजतात, ते वेगळंच.

त्यामुळे शहरात फिरणाऱ्या बीएस-६ डिझेल एसयूव्हीला ट्रेलर जोडायची गरज नाही. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, बहुतेक वेळा वीसेक मिनिटं, हायवेवर एका वेगात चालवावी. फिल्टर तापवण्यासाठी तेव्हा इंजिन जादा डिझेल फवारत असतं आणि ते काम अर्ध्यावर तोडून गाडी पुन्हा पुन्हा बंद केली, तर त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीच्या डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलेलं दिसलं, तर ते ताबडतोब बदलून घ्यावं.