फोरहँड मारून झाल्यावर रॅकेट जाते कुठे?

आमच्याकडे टेनिस कोचिंगला येणारे बरेच जण पहिल्याच दिवशी विचारतात, सर, फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) मारल्यावर रॅकेट नक्की थांबवायची कुठे, खांद्यावर का कमरेपाशी? आणि निम्म्या लोकांनी नदालला रॅकेट डोक्यावरून गोल फिरवताना बघितलेलं असतं, त्यांना तेच हवं असतं. दरवेळी कोर्टवर उभं राहून सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच देऊ.

बॉल तारांना टेकून असतो तो जेमतेम ४-५ मिलिसेकंद. म्हणजे फॉलो-थ्रू (बॉल लागल्यानंतर रॅकेटचं पुढे जाणं) होतो तेव्हा बॉल कधीच सुटलेला असतो, तुम्ही रॅकेट कुठेही न्या त्याला काही पत्ता नसतो. मग एवढं काय त्याचं? तर रॅकेट शेवटी कुठे जाणार हे ती कुठून आणि किती जोरात आली त्यावर ठरतं, त्यामुळे शेवट विचित्र दिसला की गडबड आधीच झालीय असं समजायचं. काही जण बॉल बाहेर जाईल या भीतीने हात मधेच आवळतात, तो ब्रेक खरं तर बॉल लागायच्या आधीच लागलेला असतो, आणि वर कोपराला नि खांद्याला ताण तो वेगळाच.

आता प्रकार. ईस्टर्न ग्रिप (रॅकेटशी हस्तांदोलन केल्यासारखी पकड) असेल, बॉल कमरेच्या आसपास असेल आणि जरा सपाट मारायचा असेल तर रॅकेट पुढे लांब जाऊन दुसऱ्या खांद्यावरून मागे येते. टेनिसपटू डेल पोट्रोचे फोरहँड आठवा. नवीन लोकांना आम्ही इथूनच सुरू करतो, शेवटी रॅकेट दुसऱ्या हाताने पकडायला लावतो, म्हणजे खांदे आपोआप वळतात.

सेमी-वेस्टर्न किंवा वेस्टर्न ग्रिपला (तळहात दांड्याच्या आणखी खाली सरकलेली पकड) टॉपस्पिन, म्हणजे बॉलची पुढच्या दिशेची फिरकी, जास्त, तिथे रॅकेट गाडीच्या वायपरसारखी आडवी फिरते आणि दुसऱ्या बाजूला दंडापाशी नाहीतर त्याच्याही खाली थांबते. इथे सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे लोक मनगट झटकतात!! फिरतो तो कोपरापासून पुढचा अख्खा हात आणि खांदा, मनगट सैल ठेवायचं बस. बॉल जितका उंच लागेल तितका शेवट खाली येतो, छातीएवढ्या उंचीच्या बॉलला खांद्यावर न्यायचा हट्ट केलात तर बॉल हमखास लांब जातो.

आणि तिसरा तो नदालवाला, रॅकेट मारत्या हाताच्याच बाजूला डोक्यावर जाते. शारापोव्हा पण असं करायची, आणि सॅम्प्रास धावत मारायचा तेव्हा त्याचाही शेवट असाच. बॉल अंगाजवळ आला, उशीर झाला किंवा पळत मारावा लागला की समोर जायला जागाच नसते, मग हात वर निघतो. म्हणजे बऱ्याचदा तो अडचणीतून निघालेला शॉट असतो, स्टाईल नाही. नदालने तो रोजचाच केला ही गोष्ट वेगळी, त्याचं फूटवर्क पण तसं होतं हे आपण सोयीस्कर विसरतो. मुलांना मुद्दाम शिकवू नका प्लीज, गरज पडली की त्यांचं ते येतं.

स्वतःचं तपासायचं तर कुणाला तरी बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा आणि शेवट बघू नका, बॉल लागतो ती जागा बघा. तो पुढच्या पायाच्या जरा पुढे लागत असेल तर निम्मं काम झालं. ग्रिप दाखवायची असेल तर बॅचच्या आधी दहा मिनिटं या, स्वतःची रॅकेट घेऊन.